शंभर वर्षांनी उघडायची कालकुपी गोव्याच्या पावसात कशी टिकवावी?

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त एक कालकुपी पुरायची आणि ती आणखी शंभर वर्षांनी उघडायची, असे कार्यकारिणीचे ठरले आहे. आजचा बेत असा:

– सहा इंची पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडांना सोल्व्हंट सिमेंटने चिकटवलेल्या टोप्या
– आत स्मरणिका, त्या दिवसाची वर्तमानपत्रे, सभासदांची पत्रे, रंगीत फोटो, पेन ड्राइव्ह, कुणबी साडीचा तुकडा, नाणी-नोटा, फेणीची लहान बाटली
– सिलिका जेलच्या चार पुड्या
– अंगणात ध्वजस्तंभाशेजारी चार फुटांचा खड्डा, वर काँक्रीट
– समारंभ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू झाल्यावर

काय चुकतेय ते मोकळेपणाने सांगा. अजून काहीच विकत घेतलेले नाही.

पिंपळपार

फेणी शंभर वर्षांनी कोणाला मिळणार ते आधी ठरवा. इथूनच नंबर लावतो.

चिरेखाणी

कुळागर बाब, महिना चुकला, जागाही चुकली. पणजीला वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी चिऱ्यातून खाली उतरते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि तिथून वर चढायला लागते. तुमच्या चार फुटांच्या खड्ड्याचे काय होईल ते बघायचे असेल तर ऑगस्टमध्ये आवारातल्या विहिरीत डोकावा. पाणी जमिनीपासून जितक्या खोलीवर दिसेल तितक्याच खोलीवर खड्ड्यातही असणार. विहीर नसेल तर आत्ता खड्डा खणून वर पत्रा टाका आणि जुलैत उघडून बघा.

वर काँक्रीट घातले म्हणजे झाले, ही समजूत सोडा. काँक्रीट पाणी थोपवत नाही, फक्त उशीर लावते. अमेरिकेत टल्सा शहरात १९५७ साली एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर गाडी काँक्रीटच्या तळघरात पुरली होती. २००७ साली उघडली तेव्हा तळघरात पाणी भरलेले होते आणि गाडी गंजाचा गोळा झाली होती. गंमत पुढे आहे. त्याच तळघरात वेल्ड करून बंद केलेली पोलादी कुपी होती, आणि तिच्यातले कागद चांगल्या स्थितीत निघाले. म्हणजे भरवसा ठेवायचा तो भांड्यावर, खड्ड्यावर नाही.

माझे मत विचाराल तर पुरूच नका. कालकुप्यांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्थासुद्धा पुरण्यापेक्षा इमारतीत थंड, कोरड्या जागी ठेवण्याचाच सल्ला देते.

कुळागर

पुरायची नाही तर समारंभ कसला, असा प्रश्न सभेत येणारच. पण मुद्दा पटला. पीव्हीसी पाइप निदान भिंतीत तरी चालेल का? तो तर कधीच गंजत नाही.

आर्गनवाला

गंजत नाही, पण श्वास घेतो. कुठलेही प्लास्टिक पाण्याच्या वाफेला पूर्ण अडवत नाही. वर्षाला नगण्य वाटणारी वाफ शंभर वर्षांत आत-बाहेर सारखी करून टाकते. शिवाय सोल्व्हंट सिमेंटची वाफ बंद पाइपात अडकते आणि फोटोंवर, टोनरवर बसते. रबरी गॅस्केटचे झाकण हाही शंभर वर्षांचा इलाज नाही. दाबून ठेवलेले रबर काही दशकांत आपला उसळता गुण सोडते आणि दाबलेल्याच आकारात राहते, मग फट पडते. सिलिकॉन सीलंट तर वाफेला जवळजवळ दार उघडून देते.

धातू घ्या आणि वेल्ड करा. गोव्यासाठी स्टेनलेस स्टीलची ३१६ एल ही जात. ३०४ स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने त्याला बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्याने हे बरेच आटोक्यात येते. ‘एल’ म्हणजे कार्बन कमी. तो नसेल तर वेल्डच्या आजूबाजूचा पट्टा आधी गंजतो.

माप सांगतो. आठ इंची शेड्यूल १० पाइप: बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, जाडी ३.७६ मिमी. ६०० मिमी तुकडा घेतला तर आत २१ लिटर जागा मिळते. खाली ६ मिमी ताटली. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत औषध कारखान्यांची भांडी करणारे फॅब्रिकेटर असतात, त्यांना हे रोजचे काम आहे. गेट-ग्रिलवाल्याकडे मात्र नेऊ नका. त्याच्या टेबलावरची साध्या लोखंडाची भुकटी स्टेनलेसमध्ये रुतते आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात. वेल्डिंगची सळई ३१६ एलचीच हवी. तळाचे वेल्ड करताना आतून आर्गन वायू सोडायला सांगा, नाहीतर आतला वेल्ड काळा, दाणेदार होतो. नंतर पिकलिंग पेस्ट (वेल्डचा काळेपणा काढणारे आम्ल) लावून, पुष्कळ पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. आत तेलाचा हातसुद्धा लागता कामा नये.

चिरेखाणी

आर्गनवाला बाब, तुमच्याच मापावर एक हिशोब. हे नळकांडे बाहेरून साधारण २३ लिटर जागा व्यापते. पाइप नि दोन्ही टोकांच्या ताटल्या मिळून वजन १६ किलोच्या आसपास. आत ५ किलो कागद घातला तर २१ किलो. म्हणजे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात ते तरंगणार. सैल मातीत पुरलेल्या रिकाम्या टाक्या पावसाळ्यात अशाच वर येतात. कोणी हट्टाने पुरणारच असेल तर आत जड सामान भरा किंवा पट्ट्यांनी खालच्या काँक्रीटला बांधा.

कागदकीडा

भांड्याचे झाले, आता आतल्या मालाकडे येऊ. नाश आतूनच जास्त होतो आणि तिकडे कोणी बघत नाही.

वर्तमानपत्र मूळ स्वरूपात ठेवायचे असेल तर एकच प्रत, वेगळ्या पाकिटात. न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन राहते, ते पिवळे पडते, आम्ल सोडते आणि शेजारच्या कागदालाही घेऊन बुडते. अमेरिकेत बॉस्टनच्या स्टेट हाऊसच्या पायातला १७९५ सालचा ऐवज १८५५ मध्ये नव्या पेटीत घालून पुन्हा ठेवला होता. ती पेटी २०१५ मध्ये उघडली, त्यातली जुनी वर्तमानपत्रे वाचता आली. तो कागद चिंध्यांचा होता, आजचा नाही. म्हणून महत्त्वाच्या पानांची लेझर प्रत आम्लमुक्त कागदावर काढा. कागद घेताना आयएसओ ९७०६ असा उल्लेख बघा. त्यात आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते.

लेझरचा टोनर म्हणजे कार्बन आणि प्लास्टिक, तो टिकतो. इंकजेटची रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंट शाई चालते, डायची नको. सभासदांना पत्रे पेन्सिलीने किंवा पिगमेंट शाईच्या पेनाने लिहायला सांगा. जेल पेनावर ‘पिगमेंट’ असे लिहिलेले नसेल तर ते घेऊ नका, बॉलपेनही नको. आणि लॅमिनेशन करू नका हो! सभेत कोणीतरी नक्की म्हणेल, ‘लॅमिनेट करूया, सुरक्षित राहील.’ गरम गोंदाने कागद कायमचा अडकतो, आतले आम्ल आतच राहते आणि नंतर काही सुधारता येत नाही.

पाकिटे पॉलिस्टर, पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनची. मऊ पारदर्शक पीव्हीसीचे फोल्डर अजिबात नकोत, त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ पाझरतो आणि टोनर त्यालाच चिकटून निघून येतो. टाचण्या, स्टेपल, रबर बँड, चिकटपट्टी सगळे काढा. रबर आणि लोकर गंधक सोडतात, त्याने चांदी आणि चांदीचे फोटो काळे पडतात.

रंगीत फोटोंतले रंग अंधारातही उडतात, आपल्या उष्णतेत तर लवकरच. निवडक वीस-पंचवीस फोटोंच्या पिगमेंट प्रती कापसाच्या कागदावर काढा. मागे पेन्सिलीने कोण, कुठे, कधी हे लिहा. नावाशिवायचा फोटो शंभर वर्षांनी कोणाच्याच कामाचा नसतो.

तिकिटे आणि पावत्या ठेवायचा मोह होईल. कंडक्टरच्या यंत्रातून निघणारे तिकीट, दुकानाचे बिल, एटीएमची चिठ्ठी हे सगळे थर्मल कागद. काही वर्षांत कोरे होतात. आधी प्रत काढा, मग वाटल्यास मूळ तिकीट वेगळ्या पाकिटात.

पिंपळपार

आणि फेणी?

कागदकीडा

बूच आटते, अल्कोहोलची वाफ सुटते आणि तीच टोनर व फोटो खराब करते. बाटली फुटली तर पुढचे सांगायला नको. रिकामी बाटली नको, लेबल पुरे. काजूगर, सुके खोबरे, बांगड्याचे सुके असले काहीही नको. तेल खवट होते, किडे येतात. बियाही नकोत. २७-२८ अंशांत बंद ठेवलेले बी शंभर वर्षांनी रुजेल याची आशा धरू नये. काडेपेटी, लायटर, बॅटरी असलेली कुठलीही वस्तू सक्त मना. घड्याळ ठेवायचे असेल तर सेल काढून.

साडीचा तुकडा चालेल. धुवा, पण खळ-स्टार्च देऊ नका, पूर्ण वाळवा, आम्लमुक्त कागदात गुंडाळा. नोटा कापसाच्या कागदाच्या असतात, त्या टिकतात. नाणी वेगळ्या पाकिटात.

कुळागर

कमाल माहिती. सिलिका जेलच्या चार पुड्या पुरतील का? आणि पेन ड्राइव्ह?

कागदकीडा

चार पुड्यांचा हिशोब करूया, म्हणजे सभेत मांडता येईल.

जूनमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ. तुमच्या २१ लिटरमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम. हवेतले पाणी हा मुद्दाच नाही. मुद्दा कागदाचा आहे. पावसाळ्यातल्या कागदात वजनाच्या १० ते १२ टक्के पाणी असते, ४५ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या कागदात ६ ते ७ टक्के. ५ किलो कागदात हा फरक २०० ते २५० ग्रॅम पाण्याचा. मध्यम आर्द्रतेला सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके पाणी धरते. म्हणजे किलोभर जेल हवे, आणि तुमच्या पुड्या असतील पाच-दहा ग्रॅमच्या.

त्यापेक्षा कागदच आधी सुकवा. जानेवारी-फेब्रुवारीत एक लहान बंद खोली, त्यात डीह्युमिडिफायर ४५ टक्क्यांवर, कागद सुटे सुटे पसरून दोन-तीन आठवडे. आर्द्रतामापक खरा की खोटा ते घरी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओला रबडा करा, मापकासह घट्ट पिशवीत ८-१० तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवे. जितका फरक दाखवेल तितका पुढे वजा-अधिक करा.

जेल घाला, पण भट्टीतून काढलेले ठणठणीत कोरडे नाही. त्याने कागद गरजेपेक्षा सुकून ठिसूळ होतो. तेही त्याच खोलीत कागदांबरोबर पसरून ठेवा, म्हणजे ते ४५ टक्क्यांशी जुळते आणि पुढे चढ-उतार सांभाळते. २०० ग्रॅम पुष्कळ. निळे जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते.

जून का नको याचेही उत्तर इथेच आहे. ३० अंश, ८५ टक्के हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश. जमिनीत चार फुटांवरचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे तितकेच. भांडे थंड होताच आत दव. बुरशीला आणखी काय हवे?

पेन ड्राइव्हबद्दल: त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि भार गळतो. शंभर वर्षे विसरा. ठेवायचाच असेल तर ‘वस्तू’ म्हणून ठेवा, त्यावर माहिती आहे असे समजू नका. पर्याय मायक्रोफिल्म. पॉलिस्टर पायावरची चांदीची फिल्म, नीट धुतलेली, थंड-कोरड्या साठ्यात पाचशे वर्षांच्या आयुष्याची मानतात. आपल्या तापमानात तितकी नाही, पण शंभर वर्षांना पुरावी. वाचायला फक्त भिंग आणि उजेड लागतो, दुसरे काही नाही.

बखरनवीस

वाचता येणे हाच खरा प्रश्न आहे आणि गोव्यात तो नीट कळतो. इथली जुनी कागदपत्रे गोयकानडी लिपीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे हाताच्या बोटांवर. मोडीचेही तेच. पोर्तुगीज तर १९६१ पर्यंत कचेरीची भाषा होती, आज घरातले जुने दस्त वाचायला माणूस शोधावा लागतो. एका शतकात एवढे होते. तेव्हा मुख्य मजकूर मराठी, कोकणी आणि इंग्रजी तिन्हींत शेजारी शेजारी छापा. एक भाषा मागे पडली तरी दुसरी तिची किल्ली होते.

व्हॉयेजर अंतराळयानावरच्या तबकडीकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. १९७७ साली पाठवलेल्या त्या सोनेरी मुलाम्याच्या तांब्याच्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई तुमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, त्यामुळे सभेत हा दाखला चालेल. मराठी नमस्कारही आहे तिच्यावर. पण बघायचे ते आवरण. तबकडी कशी वाजवायची, किती वेगाने, याच्या आकृत्या आवरणावरच कोरल्या आहेत आणि सोबत सुई नि कार्ट्रिज दिले आहे. कुपीच्या बाहेरच्या अंगावर जे कोरायचे तेही असेच: आत काय आहे, कुठे कापायचे, कधी.

आत काय घालावे यावर माझे मत थोडे कडू आहे. अध्यक्षांचा संदेश, पाहुण्यांची भाषणे, स्मरणिकेतल्या शुभेच्छा, हे सगळे एका पाकिटात आटपा. ते इतरत्र राहणारच आहे. कुठेच न राहणारे गोळा करा. फोंड्याच्या बाजारातले एका दिवसाचे भाव: नारळ, सुरय तांदूळ, बांगडा, मिरची. फेरीबोटीचे वेळापत्रक. गावातल्या शेतांची, भाटांची, झरींची नावे नकाशासह. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतीच्या) मानशीचे, म्हणजे पाण्याच्या दाराचे फोटो आणि ती कोण, कशी उघडतो याची दोन पाने. गणपतीवरच्या माटोळीला बांधतात त्या रानफळांची यादी, कुठल्या रानातून आणली त्यासह. वाचनालयात वर्षभरात सर्वांत जास्त कोणती पुस्तके गेली त्याची नोंदवही. विजेचे एक बिल, नाव-क्रमांक झाकून.

आणि निवड सर्वांसमोर करा. लाल किल्ल्यात १५ ऑगस्ट १९७३ रोजी कालपात्र पुरले गेले, हजारो वर्षांच्या गोष्टी झाल्या, आत काय लिहिले यावर वाद पेटला आणि सरकार बदलल्यावर १९७७ मध्ये ते उकरून काढले. चार वर्षे!

पिंपळपार

वाचनालयाची कार्यकारिणी दर तीन वर्षांनी बदलते. तुमची कुपी कालपात्राचाही विक्रम मोडेल.

बखरनवीस

हसण्यावारी नेऊ नका. कुप्या कुजून जातात त्याहून जास्त विस्मरणात जातात. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या अभियंत्यांनी सायक्लोट्रॉन या अणुसंशोधनाच्या यंत्राच्या १८ टनी चुंबकाखाली कुपी ठेवली, पन्नास वर्षांनी उघडायची म्हणून. वेळ आली तेव्हा कोणालाच आठवण नव्हती.

उलट उदाहरण आपल्याकडचे. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी सापडल्या. १७व्या शतकात इथे आणलेल्या त्या अस्थी चॅप्टर चॅपलमध्ये, कोणत्या खिडकीपाशी ठेवल्या, याचे वर्णन पोर्तुगीज कागदांत होते. छप्पर कोसळले, मनोरा अर्धा उरला, तरी कागदातल्या त्या वर्णनावरून पुरातत्त्व खात्याला जागा हुडकता आली आणि २०१३ मध्ये डीएनए तपासणीने दुजोराही मिळाला. जागा सांगणारा कागद जागेपासून लांब, दुसऱ्या ठिकाणी होता, म्हणून हे झाले.

वेस्टिंगहाउस कंपनीने १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पुरलेली कुपी ६९३९ साली उघडायची आहे. त्यांनी कुपीची माहिती देणारे पुस्तक छापून तीन हजारांवर प्रती जगभरची ग्रंथालये, संग्रहालये, मठ यांना पाठवल्या. तुम्ही निदान सहा ठिकाणी पाठवा: पणजीचे पुराभिलेख खाते, पाटो येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, पंचायत, जवळची शाळा, देवस्थानाचे महाजन आणि गावातली कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था) असेल तर ती. शेवटच्या दोघांना कमी लेखू नका. गोव्यात सरकारे बदलली तरी महाजनांच्या वह्या आणि कोमुनिदादची दप्तरे चालू राहिली आहेत.

आणि फुकटातला सर्वांत पक्का उपाय: संस्थेच्या घटनेत दुरुस्ती करून वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत कायमचा एक विषय घाला, ‘कालकुपीची नोंद वाचणे’. दरवर्षी दोन मिनिटे. सभा तर घ्यावीच लागते.

चिरेखाणी

+१. नोंदीत जीपीएसचे आकडे घालाल तर मोजल्याची तारीख घाला. भारताचे भूपृष्ठ वर्षाला साधारण ५ सेंमी ईशान्येकडे सरकते. शंभर वर्षांत ५ मीटर. जागतिक निर्देशांकांवर विसंबून खणणारा शेजारच्या खोलीत खणेल. फीत घेऊन इमारतीच्या तीन कोपऱ्यांपासून अंतरे मोजा आणि आराखड्यावर लिहा. जमिनीपासूनची उंची पण.

आता भिंत. वरच्या मजल्यावरची आतली भिंत निवडा. न्हाणीघराला, टाकीला किंवा पावसाच्या बाजूला लागून असलेली नको. ३८० मिमी चिऱ्याची भिंत असेल तर कोनाडा निघतो, २३० मिमीची असेल तर कोरू नका, समोर वेगळा कट्टा बांधा. भार देणाऱ्या भिंतीत वर लिंटेल हवेच. खाली कडाप्पा, त्यावर एचडीपीईच्या (कडक प्लास्टिकच्या) दोन पट्ट्या, त्यावर कुपी आडवी, चहूबाजूंनी २५ मिमी मोकळी. सिमेंटमध्ये गाडू नका. रेती खाडीची निघाली तर मीठ थेट स्टेनलेसला भिडते. पुढे चिऱ्याची पातळ भिंत चुन्यात. चुना शंभर वर्षांनी हातोडी-छिन्नीने सुटतो, सिमेंट फोडताना कुपीला मार बसतो.

चिरा उघडा ठेवायची हौस करू नका. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या बाहेरच्या अंगाचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून पाऊस तो चिरा खातोय. गिलावा हवाच.

आणि सहज सांगतो, जुन्या गोव्यासारख्या संरक्षित स्मारकाजवळ कोणी असा बेत करत असेल तर आधी परवानगी बघावी. १०० मीटरांत बांधकामाला मनाई, पुढच्या २०० मीटरांत नियंत्रण.

कुळागर

कार्यकारिणीपुढे सगळे मांडले. पीव्हीसी रद्द, खड्डा रद्द, फेणी (थोड्या वादानंतर) रद्द. समारंभ फेब्रुवारीत. शेवटचे झाकण वेल्ड करताना आतले कागद जळणार नाहीत का, हा प्रश्न सर्वांनी विचारला.

आर्गनवाला

रास्त प्रश्न. सपाट झाकण पाइपावर ठेवून वेल्ड केले तर उष्णता सरळ आत जाते. म्हणून झाकण थाळीसारखे ओढून घ्यायचे, पाइपाच्या तोंडात ४० मिमी आत बसेल असे. थाळीची कड आणि पाइपाची कड जुळवून फक्त त्या कडेवर वेल्ड. उष्णता कडेलाच राहते. उघडताना ती कड ग्राइंडरने घासली की झाकण सुटते. पाइपावर ‘येथे घासा’ असे कोरून ठेवा.

झाकणाखाली १०० मिमी जागा रिकामी, तिथे २५ मिमी सिरॅमिक फायबरची चकती अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून. काचेचे लोकर नको, त्यातला गोंद तापला की वाफा सोडतो. कडेखाली ओल्या फडक्याचा पट्टा. एका वेळी २५ मिमी वेल्ड, मग समोरच्या बाजूला जा. पाइपाला हात ठेवता आला पाहिजे, नाही ठेवता आला तर थांबा.

झाकणाला आधीच ६ मिमी स्टेनलेसच्या दोन नळ्या लावून घ्या. एक तळापर्यंत जाणारी, दुसरी झाकणाखालीच संपणारी. वेल्ड करताना दोन्ही उघड्या. बंद ठेवल्या तर आतली तापलेली हवा वितळत्या धातूतून भोक पाडून बाहेर येते, आणि ते शेवटचे भोक बुजता बुजत नाही.

वेल्ड झाले, गार झाले की कुपी उभी ठेवून लांब नळीतून आर्गन. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचत हवेला वर ढकलतो. मिनिटाला १० लिटर, २० मिनिटे. म्हणजे २०० लिटर, आतल्या जागेच्या नऊ-दहा पट. कागदांच्या गठ्ठ्यांतली हवा हळू निघते, म्हणून तासाभराने पुन्हा तेवढेच. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. आर्गनला वास नाही, बंद खोलीत माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही.

मग गळती तपासणी. आखूड नळी बंद, आत ०.२ बार दाब, सगळ्या वेल्डवर साबणाचे पाणी. दाबमापक लावून रात्रभर ठेवा. एका अंशाच्या फरकाने दाब साधारण ४ मिलिबार हलतो, तेव्हा संध्याकाळी आणि सकाळी तापमान लिहून ठेवा, उगीच घाबरू नका. दाब याहून वाढवू नका. ०.२ बारलाही झाकणावर ७० किलोचा जोर असतो. समाधान झाले की दाब सोडा, नळ्या चेपून सपाट करा, टोकाला वेल्ड.

आर्गनऐवजी लोखंडाच्या भुकटीच्या ऑक्सिजन शोषक पुड्या घालाव्या का, असे कोणी विचारील. अर्धे भांडे सामानाने भरले तर १० लिटर हवा, त्यात २१०० मिली ऑक्सिजन, म्हणजे ३०० मिलीच्या सात पुड्या. पण त्यांना काम करायला ओल लागते. जी पुडी आपली ओल आपल्याबरोबर आणते, ती ती ओल कागदाला देते. जी आणत नाही, ती सिलिका जेलशेजारी सुस्त पडते. आर्गन सरळ.

कागदकीडा

एक सुचवू? ओसाकाच्या १९७० च्या प्रदर्शनाच्या वेळी एकसारख्या दोन कुप्या पुरल्या. खालची ६९७० साली उघडायची. वरची २००० मध्ये उघडून तपासली, पुढे दर शंभर वर्षांनी तपासायची. तुम्हीही त्याच कागदांचा, त्याच शाईचा, त्याच कापडाचा नमुना एका लहान डब्यात, गॅस्केटच्या झाकणाचा चालेल, वाचनालयाच्या कपाटात ठेवा. आत आर्द्रता दाखवणारे कार्ड. दर दहा वर्षांनी उघडा, गॅस्केट बदला, कागदाचा रंग नोंदवा. त्या डब्याचे भांडे मोठ्या कुपीइतके पक्के नसेल, तेव्हा तिथे बिघडले म्हणजे इथेही बिघडलेच असे नाही. पण शाई फुटतेय, साडीचा रंग कागदावर उतरतोय असे काही दिसले तर आत काय चाललेय ते कळते.

कुळागर

हे पण घेतले. शेवटचा मुद्दा पाटीचा. एका सभासदाने पितळेची देणगी द्यायची तयारी दाखवली आहे.

चिरेखाणी

आभार माना आणि ती रक्कम दुसरीकडे वळवा. पितळ भंगारात जाते, शंभर वर्षांत एकदा तरी जाणारच. चिऱ्यावर अक्षर धरत नाही. काळा किंवा करडा ग्रॅनाइट घ्या, ३० मिमी जाड, अक्षरे कोरलेली, निदान ३ मिमी खोल, उतरत्या कडांची. नुसती रंगवलेली किंवा चिकटवलेली नकोत. रंग भरला तरी तो उडाल्यावर वाचता यायला हवीत. पाटी त्याच भिंतीत चुन्यात बसवा, बाहेर गेटजवळ नको. रस्ता रुंद होतो तेव्हा पहिला जातो तो गेटाचा खांब. आणि साल आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा, एखाद्या आकड्याचा टवका उडाला तर वाद नको.